गुरुवारी लाईट गेली की शुक्रवारी विंडोज ११ मरतं: जुन्या असेंबल्ड पीसीवरचा परत परत येणारा घोळ

आधी लक्षणं सांगतो, जुळत असतील तर पुढे वाचा नाहीतर वेळ घालवू नका. जुना असेंबल्ड पीसी आहे, मायक्रोसॉफ्टच्या यादीत त्याचा प्रोसेसर नाही, तरी जुगाड करून विंडोज ११ घातलंय. आठ-पंधरा दिवस मस्त चालतो आणि मग एका सकाळी निळी स्क्रीन, त्यावर ०एक्स-सी००००००ई, आणि एक आवश्यक डिव्हाइस जोडलेलं नाही अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उठणाऱ्या, बोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जाऊन खटपट केली की चालू होतो पण पिन घेत नाही, अपडेट अडकतात, बँकेची साईट उघडत नाही, आणि एक-दोन दिवसांत सगळं आपोआप ठीक. मग परत काही दिवसांनी तेच.

आमच्याकडे हे नोव्हेंबरपासून चालू होतं आणि तीन महिने मी मायक्रोसॉफ्टला शिव्या घालत होतो. त्या सगळ्याच्या सगळ्या वाया गेल्या.

मशीन माझं नाही, काकांचं. काका राहतात शनिवार पेठेत, सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, मेंटेनन्सच्या पावत्या, मीटिंगचे मिनिट्स, कोणाचे किती थकलेत त्याची एक्सेल, सगळं ह्याच पीसीवर. २०१६ मध्ये असेंबल केलेला, आय५ ६५००, एच११० चा मदरबोर्ड, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क, आणि नंतर मी टाकलेली २४० जीबीची एसएसडी. शिवाय चुलत भावाने कॉलेजात असताना कुठून तरी आणून बसवलेलं जीटी ६१० ग्राफिक्स कार्ड, जे कशासाठी होतं ते आता त्यालाही आठवत नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपणार हे काकांनी पेपरात वाचलं आणि मला फोन, "अरे, आपला कॉम्प्युटर बंद पडणार म्हणे?" बंद पडणार नाही काका, फक्त सिक्युरिटी अपडेट थांबतील, आणि १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वर्षभर वाढवून घ्यायची पण सोय आहे, असं मी सांगितलं. तिथेच थांबायला हवं होतं. पण खाज मलाच होती, म्हटलं दिवाळीच्या आधी ११ टाकून देतो.

आता हा पीसी "अनसपोर्टेड" का ते नीट बघायला लागतं, कारण अनसपोर्टेड म्हणजे एकच गोष्ट नसते. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, एएमडीचा असेल तर साधारण रायझन २००० पासून. टीपीएम २.० (गुप्त किल्ल्या सांभाळणारी तिजोरी) लागतं, यूईएफआय (बायोसचा नवा अवतार) लागतं, सिक्युअर बूट (खात्रीचं सॉफ्टवेअरच उठू देणारी सोय) जमणारा बोर्ड लागतो, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा. काकांचा आय५ सहाव्या पिढीतला, म्हणजे प्रोसेसरमध्ये नापास. पण बाकी सगळ्यात पास होऊ शकतो, कारण टीपीएम म्हणजे दरवेळी वेगळी चिप नसते, इंटेलच्या ह्या बोर्डांमध्ये ते पीटीटी नावाने फर्मवेअरमध्येच असतं, फक्त बंद असतं. एएमडीवाल्यांकडे ते एफटीपीएम नावाने सापडेल. खूप लोक इथेच चुकतात, "माझ्याकडे टीपीएम नाही" म्हणून सगळे चेक बायपास करून मोकळे होतात, आधी बायोसमध्ये बघा की बाबांनो.

तर मी काय केलं ते सांगतो, कारण पुढच्या घोळाचं मूळ इथेच आहे.

जुनं विंडोज १० होतं लीगसी मोडमध्ये, म्हणजे जुन्या बायोसच्या पद्धतीने, एमबीआर डिस्कवर. ११ साठी ते यूईएफआय आणि जीपीटीवर न्यायचं होतं (एमबीआर ही डिस्कची विभागणी नोंदवायची जुनी पद्धत, जीपीटी नवी). विंडोजमध्येच एमबीआर-टू-जीपीटी नावाचं टूल आहे, डेटा न उडवता डिस्क बदलतं, आधी व्हॅलिडेट करायचं मग कन्व्हर्ट. माझ्याकडे व्हॅलिडेटच फेल. अर्धा तास डोकं खाल्ल्यावर डिस्क मॅनेजमेंट उघडून बघितलं तर सिस्टिम रिझर्व्हड नावाचं छोटं पार्टिशन एसएसडीवर नव्हतंच, ते हार्ड डिस्कवर होतं. म्हणजे एसएसडीवर विंडोज १० टाकताना मी हार्ड डिस्कची केबल काढली नव्हती आणि इन्स्टॉलरने बूटच्या फाईल्स नेऊन जुन्या डिस्कवर ठेवल्या होत्या. ही सवय लावून घ्या, विंडोज टाकताना दुसरी डिस्क काढून ठेवायची, नेहमी. मग मी सी ड्राईव्ह ॲक्टिव्ह करून बीसीडीबूट ह्या विंडोजच्याच कमांडने बूट फाईल्स तिथे घेतल्या, हार्ड डिस्कची केबल काढून बूट करून बघितलं, आणि मग टूलने निमूट कन्व्हर्ट केलं. हार्ड डिस्क परत लावली. त्यावरचं ते जुनं सिस्टिम रिझर्व्हड? राहू दे म्हटलं, बिचारं काय त्रास देतंय. हे वाक्य लक्षात ठेवा.

मग बायोसमध्ये सीएसएम (जुनी लीगसी पद्धत चालू ठेवणारं सेटिंग) बंद केलं आणि स्क्रीन काळी. फॅन फिरतोय, कीबोर्डचा लाईट लागतोय, मॉनिटरवर काही नाही. हा जीटी ६१० चा प्रसाद. त्या काळातल्या बऱ्याच स्वस्त कार्डांच्या फर्मवेअरमध्ये यूईएफआयचा भाग नसतो, सीएसएम बंद केलं की त्यांना डिस्प्ले देताच येत नाही. कार्ड काढलं, केबल बोर्डच्या एचडीएमआयला लावली, प्रोसेसरचं स्वतःचं ग्राफिक्स आहेच, चित्र आलं. ज्यांच्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाही त्यांनी सीएसएमला हात लावायच्या आधी आपलं कार्ड यूईएफआयला चालतं का ते बघून घ्या, नाहीतर बोर्ड रीसेट करायला कॅबिनेट उघडत बसाल.

पीटीटी चालू केलं, रजिस्ट्रीत सिस्टिम, सेटअप, एमओसेटअप ह्या जागी अलाऊअपग्रेड्सविथअनसपोर्टेडटीपीएमऑरसीपीयू ही लांबलचक व्हॅल्यू १ केली. ही पळवाट २०२१ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टनेच सांगितली होती, आणि नावात टीपीएम असलं तरी निदान १.२ चं टीपीएम तिला लागतंच, हेही पुढे कामाला येणार आहे. पेनड्राईव्हवर २४एच२ (११ चं २०२४ चं व्हर्जन) पडलेलं होतं, सेटअपने "तुमच्या जबाबदारीवर" टाईपची सूचना दाखवली, ॲक्सेप्ट केलं, दोन तासांत ११ तयार. काकांना स्टार्ट बटण मधे गेल्याचा राग आला, ते डावीकडे आणून दिलं, काकूंनी दिवाळीचा पहिला चिवडा दिला, सगळे खूश.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात फोन. शुक्रवार सकाळ. निळी स्क्रीन.

संध्याकाळी ऑफिसवरून थेट गेलो. बायोस उघडलं तर बूट ऑर्डरमध्ये हार्ड डिस्क पहिली, सीएसएम चालू, पीटीटी बंद. मला वाटलं बायोस गंडलं असेल एखाद्या वेळेस, परत सगळं लावलं, चालू झालं. पिन टाकायला गेलो तर पिन उपलब्ध नाही म्हणे, पासवर्डने आत गेलो, पिन नव्याने सेट केला, घरी आलो. त्याच रात्री काकांचा व्हॉट्सॲपवर फोटो, विंडोज अपडेटची स्क्रीन, एरर ०एक्स८००७२एफ८एफ. आणि मी लगेच शहाणपणा केला, म्हटलं काका, मशीन अनसपोर्टेड आहे ना, आता हे लोक असंच अडवणार. दुसऱ्या दिवशी काका म्हणाले, झालं बरं का अपडेट. मी म्हटलं बघा, लहरी आहेत.

तीन आठवड्यांनी परत. ह्यावेळी काकांनी मला फोन करायच्या आधी ओळखीच्या हार्डवेअरवाल्याला दाखवलं. तो म्हणाला जुन्या बोर्डवर ११ टाकलं की असंच होतं, बोर्ड-प्रोसेसर-रॅम सगळं बदला. आणि खरं सांगतो, मला पण तेच पटलं होतं. कारण विचार करा ना, नऊ वर्षं मशीन बिनतक्रार चाललं, ११ टाकलं आणि महिन्याच्या आत हे सुरू. कोणीही ११ लाच धरेल. मी अख्खा शनिवार घालवून रुफस नावाच्या टूलने पेनड्राईव्ह बनवला, सगळे चेक काढून टाकले, क्लीन इन्स्टॉल केलं, काकांचे फाँट परत टाकले, प्रिंटर परत लावला. जानेवारीत परत तेच.

मग काकू एक वाक्य बोलल्या. "अरे, हा नेमका शुक्रवारीच कसा बिघडतो?"

पुण्यात राहणाऱ्याला ह्याच्यापुढे काही सांगायला नको. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते, दर गुरुवारी नाही पण गेली की चांगली तीन-चार तास, कधी जास्त. तारखा काढल्या. काका सेक्रेटरी असल्यामुळे लाईट जाण्याचा प्रत्येक मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर त्यांनीच फॉरवर्ड केलेला होता. तिन्ही वेळा आदल्या दिवशी लाईट गेलेली.

पुढच्या वेळी मेसेज आला तसा मी हाफ डे टाकला, झेड ब्रिजवरून पलीकडे, चार वाजता काकांकडे हजर. लाईट सव्वापाचला आली. मी म्हटलं काका, तुम्ही नेहमी करता तसं चालू करा, मी फक्त बघतो. काकांनी बटण दाबलं, चष्मा वर सरकवला, काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं आली, आणि मी वाचेपर्यंत काकांनी एफ टू दाबलं सुद्धा. म्हटलं थांबा थांबा, हे काय दाबलंत?

"एफ टू. ते दाबावंच लागतं."

कधीपासून?

"झालं की वर्षभर. लाईट गेली की ते विचारतं, मी एफ टू दाबतो, मग चालू होतो. मग तारीख बदलायची." भिंतीवरच्या कालनिर्णयकडे बोट. "ती मागे जाते ना."

मी डोक्यावर हात मारला. बंद करून, भिंतीवरचं बटण पाच मिनिटं घालवून परत लावला, ह्यावेळी काकांचा हात धरून वाचलं. तारीख-वेळ सेट नाही, सेटअपमध्ये जायचं तर एफ वन, डिफॉल्ट व्हॅल्यू घेऊन पुढे जायचं तर एफ टू. बायोसमध्ये तारीख १ जानेवारी २०१६. जी मी आधी तीन वेळा त्याच बायोसमध्ये जाऊनही बघितली नव्हती, कारण मी थेट बूटच्या टॅबवर जायचो.

बोर्डवरचा सेल मेलेला होता. बास. एवढंच.

आता हे असं का होतं ते समजून घ्या म्हणजे तुमच्या मशीनवर तुम्हालाच शोधता येईल. बोर्डवर सीआर२०३२ नावाचा नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल असतो. पीसी बंद असला तरी भिंतीवरचं बटण चालू असेल तर एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) ५ व्होल्टची एक बारीक लाईन बोर्डला देत असतो आणि घड्याळ त्यावर चालतं, सेलला काम पडत नाही. म्हणून सेल वर्षभर मेलेला असला तरी कळत नाही. लाईट दोन मिनिटं गेली तर यूपीएस सांभाळतो. तीन-चार तास गेली की यूपीएस संपला, घड्याळ बंद पडलं, आणि घड्याळाची पॉवर गेलेली दिसली की बोर्ड म्हणतो माझा कशावर भरवसा नाही, डिफॉल्ट घ्या.

आणि खरी गंमत डिफॉल्टमध्ये आहे. ह्या वयाच्या बोर्डांचं डिफॉल्ट म्हणजे सीएसएम चालू, पीटीटी बंद. जुनं विंडोज १० लीगसीमध्ये होतं, त्याला नेमकं हेच हवं होतं! म्हणजे सेल तेव्हाही मेलेलाच होता, पण बोर्ड विसरून जिथे जायचा तिथेच विंडोज १० राहत होतं, नुकसान फक्त तारखेचं, ती काका कालनिर्णय बघून लावायचे. ११ साठी मी बोर्डला चार गोष्टी नव्या शिकवल्या आणि तो दर गुरुवारी त्या विसरायला लागला. ११ आल्यावर सुरू झालं हे खरं, पण ११ मुळे झालं हे खोटं.

आता एकेक लक्षण जुळवून बघा. डिफॉल्ट आलं की हार्ड डिस्क पहिली, तिच्यावर मी दया करून ठेवलेलं ते सिस्टिम रिझर्व्हड, त्यातला जुना बूटलोडर उठतो आणि आपलं जुनं एमबीआरवालं विंडोज शोधतो, ते तर आता जीपीटी झालंय, सापडत नाही, म्हणून ०एक्स-सी००००००ई. हे पार्टिशन नसतं तर कदाचित बोर्ड थेट एसएसडीवरून उठला असता आणि फक्त पिनची तक्रार आली असती. पिन का? कारण विंडोज हॅलोचा पिन टीपीएममध्ये बांधलेला असतो, पीटीटी बंद झालं की त्याची तिजोरीच गायब. आणि ०एक्स८००७२एफ८एफ हा अडवणुकीचा वगैरे नाही, घड्याळ चुकीचं असल्यावर सुरक्षित कनेक्शन जमत नाही तेव्हा येणारा एरर आहे, बँकेची साईट पण म्हणूनच उघडत नव्हती. काकांनी रात्री तारीख लावली की सकाळी "आपोआप" ठीक. विंडोज स्वतः का लावत नाही? फरक १५ तासांपेक्षा जास्त असेल तर त्याची टाइम सर्व्हिस आपणहून हात लावत नाही, आणि इथे फरक दहा वर्षांचा. व्हॉट्सॲपवरच्या फोटोत काकांनी नेमका एररच तेवढा धरला होता, खालच्या कोपऱ्यातली तारीख फोटोत नव्हतीच.

सेल बदलणं हे पाच मिनिटांचं काम. पीसी बंद, भिंतीवरचं बटण बंद, केबल काढा, मग कॅबिनेटचं पॉवर बटण दोन-चार सेकंद दाबून उरलीसुरली पॉवर जाऊ द्या. सेल बऱ्याचदा ग्राफिक्स कार्डच्या खाली दडलेला असतो. बाजूची क्लिप हळूच बाहेर ढकलली की तो उडी मारून वर येतो, स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, खालची पट्टी वाकते. नवा टाकताना अधिकची खूण वर. मी लक्ष्मी रोडला घड्याळाच्या दुकानातून चाळीस रुपयांना घेतला, पाकीटबंद घ्या, सुट्टे डब्यातले नको. जुना मल्टिमीटरवर मोजला, १.९ व्होल्ट. २.८ च्या खाली दिसला तरी मी बदलून टाकतो. मल्टिमीटर नसेल तर रात्री केबल काढून ठेवा आणि सकाळी थेट बायोस उघडून तारीख बघा, मागे गेली असेल तर सेल गेला, अजून काही तपासायची गरज नाही.

त्यानंतर बायोसमध्ये ह्या क्रमाने गेलो: आधी तारीख-वेळ, मग पीटीटी चालू, मग सीएसएम बंद, सेव्ह करून एकदा रीस्टार्ट, मग बूटमध्ये विंडोज बूट मॅनेजर पहिला. सिक्युअर बूट चालू असणं इन्स्टॉलसाठी सक्तीचं नाही, बोर्डला ते जमत असलं की पुरतं, मी चालू ठेवलंय. शेवटी बायोसमध्ये प्रोफाईल सेव्ह करायची सोय होती ती वापरली, आणि प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढून काकांनाच पाठवून ठेवला. फोटो जास्त भरवशाचा. मग विंडोजमध्ये जाऊन हार्ड डिस्कवरचं ते सिस्टिम रिझर्व्हड उडवलं. उडवण्याआधी डिस्क नंबर तीनदा बघा, आणि केबल काढून एसएसडी एकटी बूट होते ना ते आधी तपासा, मगच.

एक इशारा, हा कळकळीचा आहे. तुम्ही २४एच२ किंवा पुढचं क्लीन इन्स्टॉल केलं असेल, पीटीटी आणि सिक्युअर बूट चालू असेल आणि मायक्रोसॉफ्ट अकाऊंटने लॉगिन केलं असेल तर डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय) तुम्हाला न विचारता चालू झालेलं असू शकतं. अशा मशीनचा सेल गेला तर पिनची नाही, ४८ आकडी रिकव्हरी की ची स्क्रीन येईल, आणि ती की नसेल तर डेटाला रामराम. आत्ता सगळं चालू आहे तोवर सेटिंग्जमध्ये बघा, चालू असेल तर अकाऊंटमधून की काढून कागदावर लिहून कपाटात ठेवा. काकांची आता विम्याच्या पॉलिसीबरोबर आहे.

मग खरोखर "अनसपोर्टेड" मुळे काय होतं? होतं ना, पण ते वेगळं आणि एकच मोठं. दरमहाच्या सिक्युरिटी अपडेट आमच्याकडे येतात, मायक्रोसॉफ्ट त्याची हमी देत नाही, पण येतात. वर्षातून एकदा येणारं मोठं व्हर्जन मात्र विंडोज अपडेटमध्ये आपणहून दिसत नाही. होम आणि प्रोसाठी २३एच२ ची मुदत ११ नोव्हेंबर २०२५ ला संपली, २४एच२ ची १३ ऑक्टोबर २०२६ ला संपेल, म्हणजे त्याच्या आत तुम्हाला हाताने पुढे जावं लागतं. त्यासाठी नव्या व्हर्जनची आयएसओ (इन्स्टॉलची सगळी एकत्र असलेली फाईल) डाउनलोड करायची, चालू विंडोजमध्येच उघडायची, सेटअप चालवायचं, फाईल्स आणि ॲप्स ठेवा हा पर्याय निवडायचा. रजिस्ट्रीतली ती लांब व्हॅल्यू परत तपासा, क्लीन इन्स्टॉलनंतर ती नसतेच. आणि पीटीटी बंद असेल तर ती असूनही सेटअप टीपीएम नाही म्हणून हाकलून देईल, म्हणजे मेलेला सेल इथेही आडवा येतो. टीपीएम अजिबातच नसलेल्यांनी सेटअप स्लॅश प्रॉडक्ट सर्व्हर असं चालवायचं, खिडकीवर विंडोज सर्व्हर असं नाव येतं, घाबरू नका, टाकतो ११ च. मी काकांचं ह्याच फेरीत २५एच२ करून टाकलं, रजिस्ट्रीवाल्या मार्गाने, मधे एकदा ६२ टक्क्यांवर वीस मिनिटं अडकल्यासारखं वाटलं पण हात लावला नाही. जे काही कराल त्याआधी डेटा दुसऱ्या डिस्कवर घ्या, हे सांगायला लागू नये पण लागतं.

कोअर टू ड्युओवाल्यांनी मात्र ह्यात पडू नका. २४एच२ पासून प्रोसेसरला एसएसई ४.२ आणि पॉपसीएनटी ह्या सूचना लागतात, त्या तुमच्याकडे नाहीत, बूटच होणार नाही आणि ह्याला कुठलाही जुगाड नाही. त्यावर लिनक्स मिंट टाका, छान चालतं.

आणि कोणी तुम्हाला बोर्ड-प्रोसेसर-रॅम बदला म्हणालं तर आधी एक प्रश्न विचारा, तारीख बघितली का? मी नाही बघितली, त्यामुळे कोणाला नावं ठेवायचा मला हक्क नाही, पण तुम्ही बघा.

परवा गुरुवारी पेठेत लाईट गेली होती, सकाळी दहा ते दुपारी दोन. शुक्रवारी सकाळी साडेसातला काकांचा फोन, मी दात घासत होतो, स्क्रीनवर नाव बघूनच पोटात गोळा.

"अरे, आज त्याने एफ टू विचारलंच नाही. थेट चालू झाला. काही बिघडलंय का?"